माथ्यावरचं ऊन, गल्लीतली गाडी

जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारचे साडेबारा वाजायला पाचेक मिनिटं असताना, इंदूरमध्ये उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते आणि जवळजवळ नाहीशी होते. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं आणि इंदूर त्याच्या जरासं दक्षिणेला, पावणेतेवीस अंशांवर आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आमच्या बरोबर डोक्यावर येतो. जुलैतली दुसरी खेप बहुधा ढगांत जाते. पहिली मात्र नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, नुकता उलटलेला असताना येते, पाऊस अजून पोहोचलेला नसतो आणि पारा चाळिशीच्या आसपास असतो. त्या वेळी छत्रीबागेतल्या गल्लीतून चालून पाहा. एरवी भिंतीच्या कडेकडेनं जाणाऱ्या माणसाला तेव्हा भिंत काही देत नाही. दोन मजली घराच्या पायथ्याशी टीचभरही सावली नसते. तिथे उभ्या असलेल्या मोटारीच्या टपावर, पुढच्या काचेवर आणि मागच्या काचेवर ऊन सरळ उतरत असतं.

छत्रीबाग राजवाड्यापासून फार लांब नाही. होळकर घराण्यातल्या दिवंगतांच्या दगडी छत्र्या इथे आहेत, लक्ष्मी वेंकटेश देवस्थान इथेच आहे, आणि होळकर सुभेदारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घरांचा वावर या भागात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली आणि या भोवतालच्या वस्त्या भरत गेल्या. त्या काळची घरं ऊन ओळखून बांधलेली होती. जाड भिंती, खोल ओसरी, मधला चौक, रस्त्यावर पुढे आलेला सज्जा, उन्हाळ्यात दारांवर वाळ्याचे ओले पडदे. सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी होती: तापलेली हवा आणि ऊन उंबऱ्याबाहेरच थोपवायचं. रात्री खिडक्या उघडल्या की माळव्याची थंड रात्र उरलेलं काम करायची. शब-ए-मालवा ही ख्याती काही उगाच झाली नाही.

या आखणीत मोटारीला जागा नव्हती, ती नंतर आली आणि गल्लीत उभी राहिली. आता त्या उभ्या गाड्यांत हिरव्या नंबरप्लेटच्या, म्हणजे विजेच्या, गाड्याही दिसू लागल्या आहेत. घरातून ऊन बाहेर ठेवायची एवढी जाण असलेल्या वस्तीत, घराची सर्वांत महाग वस्तू मात्र दिवसभर उघड्यावर तापते. विजेच्या गाडीनं या जुन्या दुखण्यावर एक खरं औषध आणलं आहे, ते मी पुढे सांगणारच आहे. पण ते औषध शेवटच्या दहा मिनिटांचं आहे. त्याआधीचे चार-पाच तास गाडीनं काढायचे असतात ते सावलीत, आणि सावली ही एकट्या गाडीमालकाच्या हातातली गोष्ट नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते हेच.

आधी गाडीत काय घडतं ते पाहू. भर दुपारी स्वच्छ आकाशाखाली एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. गाडीच्या काचेतून त्यातला दृश्य प्रकाश आणि जवळचा अवरक्त भाग आत शिरतो, काळ्या डॅशबोर्डवर आणि सीटवर मुरतो आणि उष्णता होतो. तापलेला डॅशबोर्ड ती उष्णता ज्या लांब लहरींच्या रूपात परत फेकतो, त्या लहरींना काच आरपार जाऊ देत नाही. शिवाय दारं-खिडक्या बंद असल्यानं गरम हवेलाही वाट नसते. काचांचं एकूण क्षेत्र, त्यांचा तिरपेपणा आणि आरपार जाणारा वाटा धरून ढोबळ हिशेब केला, तर नेहमीच्या चारचाकीत भर उन्हात पाऊण ते एक किलोवॉट उष्णता अखंड आत येत असते. घरी कपड्यांना फिरवायची इस्त्री साधारण तेवढ्याच ताकदीची असते.

2012 च्या ऑगस्टमध्ये जपानच्या मोटार महासंघानं एक साधी, उपयोगी चाचणी केली. बाहेर 35 अंश असताना गाड्या दुपारभर उन्हात उभ्या करून आतली तापमानं मोजली. काळ्या गाडीतली हवा 57 अंशांपर्यंत गेली, पांढऱ्या गाडीतली 52 पर्यंत. डॅशबोर्ड काळ्या गाडीत 79 आणि पांढऱ्या गाडीत 74 अंशांना पोहोचला. पुढच्या काचेला चमकता पडदा लावलेल्या गाडीत हवा 50 पर्यंत चढली, म्हणजे फारसा फरक पडला नाही. पण डॅशबोर्ड 52 वरच थांबला. काचा तीन सेंटिमीटर खाली ठेवलेल्या गाडीत नेमकं उलट झालं: हवा 45 वर राहिली, डॅशबोर्ड मात्र 75 पर्यंत तापला.

हे आकडे मला फार बोलके वाटतात, कारण यातून कळतं की गाडीत दोन वेगवेगळी उष्णता असते. एक हवेतली, दुसरी वस्तूंतली. हवेतली अगदीच किरकोळ आहे. गाडीच्या पोटात सुमारे तीन घनमीटर हवा मावते, वजनानं साडेतीन किलोच्या आसपास. तिला वीस अंश तापवायला जेमतेम युनिटचा पन्नासावा भाग लागतो. म्हणून बसण्याआधी एका बाजूची काच खाली करून समोरच्या बाजूचं दार चार-पाच वेळा झपाझप उघड-मीट केलं की कोंडलेली हवा बाहेर जाते आणि चटका ओसरतो. पण लगेच दार लावून बसलं तर दोन मिनिटांत आतली हवा पुन्हा तापते, कारण खरी उष्णता डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये, सीटच्या फोममध्ये आणि टपाच्या पत्र्यात मुरलेली असते. एसीला झगडावं लागतं ते तिच्याशी.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं याची दुसरी बाजू दाखवली. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांत हवा सरासरी 47 अंश, डॅशबोर्ड 69, स्टिअरिंग 53 आणि सीट 51 अंशांवर होती. सावलीतल्या गाड्यांत हवा 38 आणि डॅशबोर्ड 48. पडदा किंवा काचेची फट यांनी हवा आणि डॅशबोर्ड यांतलं एकच काय ते ठळक उतरतं, रंगानं दोन्ही थोडं. सावलीनं हवा, डॅशबोर्ड, सीट सगळंच एकदम खाली येतं. रंगाचा फरक खोटा नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं 2011 मध्ये एकाच जातीच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या शेजारी उभ्या करून मोजलं, तर चंदेरी गाडीचं टप 25 अंशांपर्यंत आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड निघाली. निस्साननं 2023 मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर उष्णता परतवणाऱ्या खास रंगाची चाचणी सुरू केली. गाडीचा पृष्ठभाग 12 अंशांपर्यंत आणि आतली हवा पाच अंशांपर्यंत कमी राहिल्याचं कंपनीनं जाहीर केलं. 2024 मध्ये ह्युंदाईनं काचेवरची तशीच एक फिल्म थेट लाहोरच्या उन्हात लोकांच्या गाड्यांना लावून पाहिली. लाहोरचं ऊन आपल्या ओळखीचं आहे, म्हणून त्या प्रयोगाकडे इथल्या लोकांनी जास्त लक्ष द्यायला हवं.

आता विजेच्या गाडीचं औषध. पेट्रोलच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. उभी गाडी थंड करायची तर इंजिन चालू ठेवावं लागतं. अरुंद गल्लीत, कुणाच्या तरी ओट्याशेजारी, धूर सोडत. बंदिस्त जागेत तो धूर जीवही घेऊ शकतो. विजेच्या गाडीचा कॉम्प्रेसर थेट बॅटरीवर चालतो. धूर नाही, आवाज जवळपास नाही. मोबाइलवरच्या ॲपमधून घरी बसूनच एसी सुरू करता येतो. टेस्लानं 2016 मध्ये असं एक वैशिष्ट्य आणलं की गाडी उभी केल्यावर बारा तासांपर्यंत ती स्वतःच आतलं तापमान 40 अंशांच्या वर जाऊ देत नाही. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की ते थांबतं. भारतात 2020 पासून आलेल्या बऱ्याच विजेच्या गाड्यांत ॲपवरून एसी लावायची सोय आहे. तो किती मिनिटांनी आपोआप बंद होतो हे मात्र गाडीगणिक बदलतं.

याचा खर्च किती? निघण्यापूर्वी दहा मिनिटं एसी पूर्ण जोरात चालला तर साधारण युनिटचा तिसरा हिस्सा लागतो. रेंजमधून दोनेक किलोमीटर गेले, पैशांत दोन-अडीच रुपये. गाडी चार्जरला लावलेली असताना हे केलं तर बहुतेक गाड्यांत बॅटरीला हातही लागत नाही. मे महिन्यात लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन निघणाऱ्या घरासाठी याहून स्वस्त सुख मला माहीत नाही. ते जरूर घ्यावं.

पण बारापासून चारपर्यंत गाडी उन्हात ठेवून सगळा वेळ एसीच्या भरवशावर थंड राखायची म्हटली, तर अर्धा ते एक किलोवॉट सतत जातो, म्हणजे चार तासांत दोन ते चार युनिट. तीस युनिटच्या बॅटरीतला दहावा भाग, कधी त्याहून जास्त, एक पाऊलही न चालता खर्च होतो. आणि तो एसी आतली उष्णता गल्लीतच ओततो, समोरच्याच्या खिडकीत. एका गाडीचं ठीक आहे, पण हळूहळू सगळ्याच गाड्या विजेच्या होणार असतील तर हा हिशेब गल्लीचा होतो.

बॅटरीबद्दल लोक धास्तावलेले असतात, विशेषतः 2022 च्या उन्हाळ्यात विजेच्या दुचाकी पेटल्याच्या बातम्या पाहिल्यापासून. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या सुरक्षेची मानकं कडक केली. चारचाकीची बॅटरी तळाशी असते, शेकडो किलोची असते आणि ती केबिनसारखी तासाभरात तापत नाही. गाडीतला डॅशबोर्ड पोळतो आहे म्हणजे बॅटरीही पोळते आहे, असं नसतं. उष्णतेचा तिच्यावरचा परिणाम हळू आणि दीर्घ असतो: ती लवकर म्हातारी होते. ॲरिझोनातल्या निस्सान लीफच्या मालकांना 2012 मध्ये हे कळलं. त्या गाडीची बॅटरी थंड करायला द्रवाची यंत्रणा नव्हती, आणि त्या उन्हात रेंज अपेक्षेपेक्षा लवकर घटली. आपल्याकडच्या नेक्सॉन ईव्हीत 2020 पासूनच द्रवानं थंड राखलेली बॅटरी आहे. तरी लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसवत नाहीत, भरपूर उष्णता आणि शंभर टक्के चार्ज. मे महिन्यात पूर्ण भरलेली गाडी दिवसेंदिवस उन्हात ठेवू नये. चार्जिंग रात्री करावं. माळव्यात रात्र थंड असते.

आता पुन्हा गल्लीत येऊ, कारण सावलीचा हिशेब इथेच मांडता येतो. समजा गल्ली उत्तर-दक्षिण आहे आणि पश्चिमेच्या घराची भिंत सहा मीटर उंच आहे. जूनच्या सुरुवातीला साडेबाराच्या सुमारास त्या भिंतीची सावली शून्य. दीड वाजता ती दीड मीटरच्या आसपास होते, म्हणजे गाडीची बरीचशी रुंदी झाकली जाते. साडेतीनच्या सुमारास ती पाच मीटरच्या पुढे जाते आणि अख्खी गल्ली झाकते. सकाळी हेच पूर्वेच्या भिंतीनं होतं. याचा अर्थ, दुपारी परत निघायचं असेल तर गाडी गल्लीच्या पश्चिम कडेला, भिंतीला लगटून लावावी. उन्हाचे सर्वांत वाईट दोन तास त्यातून टळतात. पूर्व कडेला लावलेली गाडी सकाळी छान सावलीत दिसते आणि नेमकी दुपारी उघडी पडते.

पण साडेअकरा ते दीड हा वेळ कुठलीच भिंत भरून काढत नाही. त्या वेळी सावली वरूनच यावी लागते. झाडाची, मांडवाची, छताची. कर्कवृत्ताजवळच्या गावाला आडव्या सावलीवाचून गत्यंतर नाही.

त्यातही झाडाला मी पहिला मान देईन. पत्र्याचं छत स्वतः तापतं आणि खाली उष्णता टाकत राहतं. झाड पानांतून पाणी सोडून स्वतःला आणि आसपासच्या हवेला थंड ठेवतं. कडुनिंब, पिंपळ, चिंच ही आपल्या ओळखीची झाडं कडक उन्हाळ्यातही हिरवी असतात. लोक तक्रार करतात की झाडाखाली लावलेल्या गाडीवर पक्षी घाण करतात, डिंक आणि मोहोर पडतो, वादळात फांदी कोसळते. तक्रारी खऱ्या आहेत. घाण रंगावर वाळू दिली तर डाग कायमचा राहतो, म्हणून ती त्याच दिवशी पाण्यानं भिजवून पुसावी लागते; आणि नवतप्यानंतरच्या वळवात जुन्या, पोखरलेल्या फांदीखाली गाडी ठेवू नये. पण यातलं काही टाळायला झाड तोडणाऱ्या माणसाला पुढची वीस वर्षं काय सोसावं लागणार आहे, ते वर दिलेल्या आकड्यांत आहे.

1917-18 मध्ये तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबारानं स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना इंदूरला बोलावलं होतं. शहरात तेव्हा प्लेगचं भय होतं. 1918 मध्ये दोन खंडांत निघालेला त्यांचा अहवाल आजही नगररचनेच्या अभ्यासात वाचला जातो. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते सरळ फाडत न्यावेत हे त्यांना मान्य नव्हतं. जेवढं नडतं तेवढंच काढावं, घरं, चौक आणि झाडं राखावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची इथली दिवाळीही प्रसिद्ध आहे. त्यांनी मोठी मिरवणूक काढली. तिच्यात घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता, आणि मिरवणुकीचा मार्ग ज्या वस्त्या सर्वांत चांगली साफसफाई करतील त्यांतून जाईल, असं आधीच जाहीर केलं होतं. शेवटी घरोघर तुळशीची रोपं वाटली गेली. शहर सुधारायचं ते दारापाशी सुरू होतं, हे त्यांना कळलेलं होतं. 2017 पासून वर्षानुवर्षं देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलेल्या इंदूरला ही शिस्त नवी नाही. ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकलेल्या गल्ल्या वाहनतळावर सावली धरायलाही शिकू शकतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

जिथे झाडाला जागा किंवा वेळ नाही तिथे सौर पॅनेलचं छत घालता येतं. एका गाडीची जागा साधारण बारा चौरस मीटर. त्यावर दोन किलोवॉटची पॅनेलं बसतात आणि आपल्याकडच्या उन्हात दिवसाला आठ-नऊ युनिट देतात. शहरात चालवलेली छोटी विजेची गाडी तेवढ्यात पन्नास-साठ किलोमीटर जाते. म्हणजे जे ऊन गाडीला भाजत होतं तेच तिला चालवतं, आणि खाली सावलीही देतं. फ्रान्सनं मार्च 2023 मध्ये कायदा करून 1500 चौरस मीटरहून मोठ्या वाहनतळांच्या निम्म्या जागेवर असं छत बंधनकारक केलं. इंदूर महापालिकेनं फेब्रुवारी 2023 मध्ये हरित रोखे काढले आणि नर्मदेचं पाणी उपसायला जलूद इथे सौर प्रकल्पासाठी लोकांकडून पैसा उभा केला. ज्या महापालिकेला हे जमलं, तिला गंगवाल बसस्थानकासारख्या ठिकाणी सावलीचे वाहनतळ उभारणं अवघड नाही. सार्वजनिक चार्जर तर उघड्या उन्हात बसवूच नयेत. दुपारी तिथे गाडी जलद चार्ज होत असताना बॅटरी थंड करायला वीज खर्च होते, आणि माणूस शेजारी घाम पुसत उभा असतो.

काळ्या फिल्मबद्दल थोडं. 27 एप्रिल 2012 च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवायला बंदी घातली. नियम असा की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. नंतर नियमात बदल झाले आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं या मर्यादेतली फिल्म चालेल असं म्हटलं. पण उष्णता अडवायला काच काळी असावी लागत नाही. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. तोच भाग परतवणारी स्वच्छ काच कारखान्यातूनच मिळते. गाडी घेताना ती मागावी. आणि चमकता पडदा शक्य असेल तर काचेच्या बाहेरून घालावा, कारण आत शिरलेल्या उन्हाचा काही भाग आतच राहतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सोयीच्या भरवशावर सोडायची नाही. 2005 मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजणीत बंद गाडीतलं तापमान तासाभरात 22 अंशांनी वाढलं, त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच थोडी खाली ठेवून फारसं काही बदललं नाही. त्या देशात दरवर्षी सरासरी 37 च्या आसपास मुलं तापलेल्या गाडीत दगावतात. मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगानं तापतं. ॲपवरचा एसी ठरल्या वेळी बंद होतो, मोबाइलची रेंज जाते, बॅटरी मर्यादेवर आली की यंत्रणा थांबते. झोपलेलं मूल, आजी, कुत्रा, कुणालाही ‘एसी चालू आहे’ म्हणून उभ्या गाडीत ठेवून दुकानात जाऊ नये. पाच मिनिटांसाठीही नाही.

इंदूरहून थोड्याच अंतरावर, पीथमपूरला, नॅट्रॅक्स हे देशातलं मोठं वाहन चाचणी केंद्र आहे. जून 2021 मध्ये तिथला 11.3 किलोमीटरचा अतिवेगाचा मार्ग खुला झाला. गाडी किती वेगानं धावते, कशी थांबते हे तिथे मोजलं जातं. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं प्रमाणित केलेला रेंजचा आकडा शोरूममधल्या मुलांना तोंडपाठ असतो. पण आपल्या गाड्या दिवसातला बहुतेक वेळ उभ्या असतात, आणि मेच्या दुपारी चार तास उन्हात उभी राहिलेली गाडी आत किती तापते, तिला बसण्याजोगं व्हायला किती मिनिटं आणि किती वीज लागते, हे गिऱ्हाइकाला कुणीच छापून देत नाही. माळव्याच्या उन्हात, पीथमपूरमध्ये, ही मोजणी व्हावी आणि तो आकडा गाडीच्या काचेवर चिकटवावा, अशी माझी मागणी आहे.

तोवर गिऱ्हाइकानं स्वतः विचारावं. धनत्रयोदशीला गाडी घरी आणायचा बेत अनेकांचा असतो आणि ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नसतं. काचेचं टप असेल तर त्याला आतून पडदा आहे का, की नुसती गडद काच आहे? सीट काळी आहे की फिकट, तिच्यातून हवा खेळते का? ॲपवरून लावलेला एसी किती मिनिटं चालतो, आणि बॅटरी किती टक्क्यांवर असताना तो सुरू व्हायला नकार देतो? चार्जरला लावलेली असताना एसी बाहेरच्या विजेवर चालतो का? आणि टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला, शोरूमच्या थंड हॉलमधून काढलेल्या गाडीत घेऊ नये. गाडी दोन तास मागच्या आवारात उन्हात उभी करायला सांगावी, दुपारी दोनला घरच्यांना घेऊन जावं, आणि दार उघडून आधी मागच्या सीटवर बसावं, जिथे आजी बसणार आहे.